पिशवीतला श्रोता

१० जुलै २०१६, रविवार. नायमेखन

आजपासून मी परावलंबी आहे, आणि तसा सरकारी कागदही माझ्याकडे आहे. बायकोच्या, मृणालिनीच्या, निवास परवान्यावर ती अतिकुशल असल्याचं लिहिलंय. माझ्या परवान्यावर मी तिच्याकडे राहतो, एवढंच. सत्तावीस वर्षं साताऱ्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बावन्नाव्या वर्षी बायकोच्या घरी नांदायला आलो. माप ओलांडायला कोणी ठेवलं नव्हतं, पण उंबऱ्याशी तिची सायकल आडवी होती, ती ओलांडली.

मृणाल इथे कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या डच कंपनीत आहे. सात वर्षं आम्ही साडेतीन तासांच्या फरकाने संसार केला, हिवाळ्यात साडेचार. आज दोघांच्या मनगटावर एकच वेळ आहे. विमानतळावर ती माझ्यासाठी जाकीट घेऊन उभी होती, जुलैत. म्हणाली, तुला इथला जुलै माहीत नाही. बाहेर आल्यावर कळला.

घर छान आहे. अरुंद, तीन मजली, खिडक्यांना पडदे नाहीत. शेजारी काय जेवतात ते दिसतं आणि फारसं काही जेवत नाहीत असंही दिसतं. जिन्याच्या वळणावर स्वानंदीचा फोटो आहे. हार नाही. आमच्या लेकीच्या फोटोला हार घालायचा नाही, हे आम्ही आठ वर्षांपूर्वी न बोलता ठरवलं. मग बाकीचंही न बोलताच ठरवायची सवय लागली.

तरी आज आनंदात आहे. नोंद असू द्यावी.

२७ ऑगस्ट, शनिवार

नोकरी मिळाली. गणपतीच्या तयारीच्या बैठकीत शर्मिला भेटली, मूळची इचलकरंजीची. बारा वर्षांपूर्वी तीही माझ्यासारखीच जोडीदाराकडे राहायला आली होती. आता तिची प्राण्यांची टॅक्सी आहे: मांजरं डॉक्टरकडे, कुत्री विमानतळावर. तिचा जुना ड्रायव्हर हेंक मे महिन्यात थांबला. निवृत्त बसचालक, चर्चमध्ये गाणारा, मोठा हसरा माणूस. पण रस्ते विसरायला लागला. वय झालं, म्हणाली. मृणालच्या नोकरीच्या कृपेने माझा साताऱ्याचा गाडी चालवायचा परवाना इथला करून मिळालाच होता.

शर्मिला मला सर म्हणते. मी तिला कधी शिकवलेलं नाही. बहुधा नोकराला सर म्हणायची सोय फक्त मराठीतच असावी.

मृणालला सांगितलं तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बरं झालं, तुला बोलायला कोणीतरी मिळेल."

३ सप्टेंबर, शनिवार

पहिली फेरी. प्रवासी: कोबस, वय अकरा, जातीने रॉयल पायथन, लांबी सव्वा मीटर, स्वभाव गरीब. भ्यायला की चेंडूसारखा गोळा होतो. विषारी नाही, भक्ष्याला आवळून गिळतो.

मारैके आणि बार्ट यांचा दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. घर विकलं, भांडी वाटली, साप मात्र वाटता येईना. म्हणून एक आठवडा तो नायमेखनला मारैकेकडे, एक आठवडा आल्मेरेला बार्टकडे. एकमेकांची तोंडं पाहायची नाहीत, म्हणून टॅक्सी. आपल्याकडे घटस्फोटात मुलांची ओढाताण होते. यांनी सापाची केली, तीही वेळापत्रक लावून.

नियमांचा कागद दीड पानी आहे. प्रवासाआधी सहा दिवस खाणं नाही, नाहीतर हेलकाव्याने ओकतो; पंधरवड्याला एकच उंदीर, तोही मारैकेकडे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. सापाला सुती पिशवीत घालून तोंडाला दुहेरी गाठ. पिशवी थर्मोकोलच्या भोकं पाडलेल्या पेटीत, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. पेटी मागच्या सीटवर, पट्टा लावून. गाडी आधी सव्वीस अंशांवर तापवायची; पेटीतल्या थर्मामीटरची तार पुढे माझ्यापर्यंत येते. उन्हात गाडी उभी करायची नाही. झाकण उघडायचं नाही. रेडिओ नको, बोलणं नको. एवढी बडदास्त माझ्या वरातीत माझीही झाली नव्हती.

आर्नेमपर्यंत मी गप्प होतो. पुढे फेलुवेचं जंगल लागलं. सरळ रस्ता, दोन्हीकडे पाइनची झाडं. आणि वाटलं, शनिवार सकाळ आहे. सत्तावीस वर्षं शनिवारी सकाळी माझा पाठांतराचा तास असे. सापाला कान नसतात. आपल्या कोशकारांनी तर त्याला चक्षुःश्रवा म्हटलंय, डोळ्यांनी ऐकणारा. आणि पिशवीत बांधलेल्याला डोळ्यांचा तरी काय उपयोग. मी खुशाल शब्द चालवायला घेतले. राम, हरी, नदी, साती विभक्त्या, खड्या आवाजात. पुलावरून आल्मेरेकडे वळेपर्यंत दहा शब्द झाले. दोन महिन्यांत माझं एवढं सलग कोणी ऐकून घेतलेलं नाही.

बार्टने पिशवी सोडली. कोबसने डोकं वर काढलं आणि जबडा इतका फाकवला की मी मागे सरलो. बार्ट म्हणाला, जांभई आहे. गिळून झालं की साप जबडा असा जागेवर बसवतो. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. मारैकेने नियम मोडून खायला घातलं असणार, म्हणाला.

१७ सप्टेंबर, शनिवार

मारैके आणि बार्टमध्ये ई-मेलचं युद्ध पेटलंय. तिसऱ्या फेरीपासून शर्मिलाने वजनकाटा दिला आहे: निघताना आणि पोचल्यावर पिशवीसकट वजन करायचं, मालकाची सही घ्यायची. आज नायमेखनला १४१२ ग्रॅम. आल्मेरेला १४२१. काटा पुन्हा लावला. १४२१.

वाटेत सापाला खाऊ घालणारं कोणी नव्हतं. मी होतो.

एक गंमत. मंगळवारी गणपतीत शर्मिलाच्या लेकीने हट्ट धरला, काका, संस्कृत म्हणून दाखवा. मी नदी चालवायला घेतली आणि तिसऱ्या विभक्तीपाशी थांबलो. पुढे काही नव्हतं. अडखळणं वेगळं, जिभेवर येऊन थांबणं वेगळं. इथे पायरीच नव्हती. राम घेतला, तोही नाही. पोरगी टाळ्या वाजवून मोदकाकडे पळाली. मृणाल लांबून बघत होती.

वय झालं असावं.

२४ सप्टेंबर, शनिवार

आज शब्द चालवायला शिल्लक नव्हते, म्हणून कोबसला गाऱ्हाणं सांगितलं. माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशी मृणालने फोन केला नाही, ते. सभागृहात दोनशे माणसं, प्राचार्यांचं भाषण, शाल, नारळ, आणि मी टेबलाखाली फोन चाचपतोय. रात्री विचारलं तर म्हणाली, मीटिंग होती, आणि निरोपाची एवढी काय हौस. हे मी तिला कधी बोललो नव्हतो. तीन महिने घशात घेऊन फिरत होतो. सापाला मात्र आमेर्सफोर्टपासून आर्नेमपर्यंत बारकाव्यांसकट सांगितलं.

अकरा ग्रॅम जास्त. जांभई.

२ ऑक्टोबर, रविवार

मागची पानं चाळली. २४ तारखेला निरोपसमारंभाबद्दल काही लिहिलंय. अक्षर माझं आहे. शाल कपाटात आहे. पण तो फोन, ते चाचपणं, तो राग यांतलं काही माझं वाटत नाही. कोणा सहकाऱ्याची तक्रार वाचावी तसं वाटलं.

भ्यायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. सकाळी मृणालसाठी चहा केला, तिने विचारलं, आज काय विशेष. काही नाही, म्हणालो, आणि खरोखर काही नव्हतं.

८ ऑक्टोबर, शनिवार

आता मुद्दाम सांगतो. काय काय सांगितलं ते लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा माझ्याकडेच राहील. सात वर्षांची अढी होती, एवढं पुरे. गेल्या रविवारी आम्ही वाल नदीच्या काठाने सायकलवर गेलो. मी बांधावरून घसरलो आणि मृणाल हसली. हँडल धरून, खाली वाकून हसली. तिला असं हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. पण हल्ली माझ्या आठवण्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

एकतीस ग्रॅम. मारैकेने सही करताना माझ्याकडे पाहिलंच नाही. शर्मिलाचा फोन आला. "सर, राग मानू नका, पण खरं सांगा. गाडीत त्याला काही भरवता का तुम्ही?"

नाही म्हणालो. मग हेंक गाडीत काय करायचा, ते विचारलं. गायचा, म्हणाली. रस्ताभर.

१२ ऑक्टोबर, बुधवार

शर्मिलाबरोबर हेंकला भेटायला गेलो. वृद्धाश्रम स्वच्छ, कॉफी गरम. तो खिडकीशी बसला होता, तब्येत उत्तम, डोळे रिकामे. परिचारिका म्हणाली, इतकी वर्षं चर्चमध्ये गायला, आता एक ओळ येत नाही. बायकोला 'बाई' म्हणतो. शर्मिलाला त्याने ओळखलं नाही. निघताना मी नुसतं कोबस म्हटलं. त्याने सावकाश हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दारातून दिसेनासे होईपर्यंत ते बोट तिथेच होतं.

उद्या नोकरी सोडतो म्हणून सांगावं, असं येताना ठरवलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं नाही. कारण एक गोष्ट अजून माझ्याकडे आहे.

लिहून टाकतो. सप्टेंबर २००८. मृणाल तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इकडे आली होती. स्वानंदी नऊ वर्षांची. त्या सकाळी पाठांतर स्पर्धा होती, आणि मीच तिला तयार केलं होतं. वेणी घालताना मानेला हात लागला. अंग तापलेलं होतं. मला कळलं. मी अर्धी गोळी दिली आणि म्हणालो, तेवढं म्हणून ये, मग झोप. पुढचा दात पडलेला, त्यामुळे प्रत्येक 'स'ला शीळ वाजायची. माझ्याकडे बघत ती न चुकता म्हणाली. पहिला नंबर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून. बक्षिसाचा कप घरात टेबलावर होता. मी म्हणालो, आजच आलाय.

डेंगी होता. पाचव्या दिवशी गेली. मृणाल सहाव्या दिवशी पोचली. तिलाही मी तेच सांगितलं. आजवर तेच सांगत आलो.

उद्या हे देऊन टाकणार आहे. फक्त ती एक सकाळ. मुलगी नाही. मुलगी माझ्याकडेच राहील, आणि मग जिना चढताना मला तिच्याकडे बघता येईल.

१५ ऑक्टोबर, शनिवार

दिली. फेलुवेच्या रस्त्यावर. रडलो असावं, कॉलर ओली होती.

आल्मेरेला दोनशे दहा ग्रॅम जास्त. बार्ट पोलिसांचं काहीतरी बोलत होता. कोबसने लागोपाठ तीन जांभया दिल्या आणि मग, पापण्या नसलेल्या त्या डोळ्यांनी, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ओळखीचं बघत होता.

परत येताना हलकं वाटलं. कशामुळे ते आठवेना.

१६ ऑक्टोबर, रविवार

जिन्याच्या वळणावर एका मुलीचा फोटो आहे. पुढचा दात पडलेला. गोड आहे. न्याहारीला मृणालला विचारलं, ही तुझ्या बहिणीकडची का.

तिच्या हातातला चमचा खाली ठेवला गेला. पडला नाही, ठेवला. म्हणाली, "विश्वास, थट्टा करू नकोस."

मी थट्टा करत नव्हतो.

संध्याकाळी मागचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. वाईट वाटलं, परक्याच्या घरचं ऐकून वाटतं तेवढं. मग लक्षात आलं — मी एकच सकाळ द्यायला निघालो होतो. पण साप तुकडा तोडत नाही. त्याला चावून खाता येत नाही. तो अख्खं गिळतो.

१९ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला लावलं. काढलं. शंभरातून सात सात वजा केले. राजधानी सांगितली, राजाचं नावही सांगितलं. सगळं उत्तम, म्हणाल्या. मृणालने इंग्रजीत विचारलं, एकच माणूस विसरता येतो का, बाकी सगळं ठेवून.

बाईंनी तिलाच विचारलं, तुम्हाला झोप लागते का.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मृणालने ही वही वाचली. मला काय होतंय ते शोधायला, म्हणाली. आणि तिला ती सकाळ सापडली.

दुपारी ऑफिसातून तशीच घरी आली. कोट काढला नाही. दारातच उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आठ वर्षं मी स्वतःला म्हणत आले, मी तिथे असते तर. आज कळलं की तू होतास. आणि तुला ते आठवतही नाही. मग मी भांडू कोणाशी?"

मी माफी मागितली. कशाची ते वहीत बघून मागितली. मी वहीत बघतोय हे तिने बघितलं.

मग मी म्हणालो, मला तिच्याबद्दल सांग. लिहून घेतो. काय आवडायचं, काय खायची — आता ती तेवढी तुझ्याकडेच आहे. मृणाल म्हणाली, नाही. तू पुन्हा जाऊन सांडून येशील. तू हलका झालास. मी एकटीने का वाहायचं.

उद्या मीही येते, म्हणाली.

२२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ, आल्मेरे, बार्टच्या दारात

वाटेत तीनदा म्हणालो, नको. ती खिडकीबाहेर बघत होती.

बार्ट आत पिशवी बांधतोय. शर्मिलाला फोन लावला. उचलत नाही. निरोप ठेवला — शेवटची फेरी, पुढे माणूस बघ, आणि कोणालाही — गाडीत कोणालाही बोलू —

निघताना १६७४.

दुपार. फेलुवे, पेट्रोलपंप

ती मागे बसली आहे, पेटीशेजारी. मला म्हणाली, कॉफी आण. परत आलो तर दारं आतून लावलेली. किल्ली आतच. बोनेटवर वही ठेवून लिहितो आहे — लिहून ठेवायला हवं — कोणीतरी —

झाकण उघडलंय तिने. पिशवीची गाठही. त्याचं डोकं तिच्या मनगटावर आहे.

बोलते आहे. ओठ हलताना दिसतात. भरभर. मी काच ठोठावली. मृणाल, पुरे. तिने हात वर केला, थांब म्हणून. एखाद्या मीटिंगमध्ये करावा तसा.

मला नुसतं एक नाव आणि एक ताप माहीत आहे, तोही वाचून. बाकी सगळं तिथे आहे, त्या काचेमागे, तिच्या तोंडात. कसं हसायची. कुशीवर झोपायची की पालथी. तिने थांबवलं नाही तर — कोणाकडेच —

काच फोडायला दगड नाही. इथे दगडही नाहीत. सगळं झाडून पुसून —

तिचा चेहरा सैल होतो आहे. कपाळावरची रेघ गेली. मी ठोठावतो आहे. लोक बघतायत.

थांबली.

साप जांभई देतोय. मोठी. संपतच नाही.

ती हसते आहे. कुलूप उघडलं. काच खाली. माझ्याकडे बघते आहे, छान, मोकळी. पर्समधून एक फोटो काढलाय — जिन्यातला, सकाळी तिनेच काढून घेतला असणार — उलटा सुलटा करून बघते आहे. विचारते आहे, किती गोड आहे रे, ही कोण.

थांब, म्हणालो. वहीत आहे. सांगतो. पानं उलटतो आहे — वारा — हे बघ, इथे लिहिलंय, ही आपली —